शेतकऱ्याची ओळख व तिची राखण

पिकाची राखण कशी करावी हे शेतकऱ्याला कोणी शिकवावयास नको. ज्वारी हुरड्यात आली की शेतात माळा उभा राहतो व गोफण बाहेर निघते. भुईमूग भरू लागला की रानडुकरांच्या भयाने रात्री जागून काढाव्या लागतात. धान्य घरी आल्यावर कणगी लिंपून घेतली जाते, आणि बियाणे तर सर्वांहून निराळे, घरच्या कर्त्या बाईच्या नजरेखाली ठेवले जाते. परंतु अलीकडे शेतकऱ्याच्या घरात आणखी एक मोलाची वस्तू आली आहे व तिची राखण करण्याची सवय आपल्याला अद्याप लागलेली नाही. ती वस्तू म्हणजे त्याची स्वतःची ओळख होय.

आधार क्रमांक, बँकेचे खाते, मोबाईल क्रमांक, शेतकरी ओळख क्रमांक आणि हाताच्या बोटांचे ठसे ह्या सर्वांची मिळून ही ओळख बनते. अनुदान, विमा, पीककर्ज, शेतमालाची पट्टी इत्यादींचा बहुतेक पैसा आज ह्या ओळखीच्या वाटेने घरी येतो. ज्या वाटेने पैसा येतो त्याच वाटेने तो चोरालाही नेता येतो. पूर्वीचा चोर खळ्यावरील रास उचलून नेत असे. आजचा चोर आपले नाव धारण करून, आपणच आहोत अशी बतावणी करून, आपल्याच खात्यातून पैसे काढतो. ह्यालाच ओळखीची चोरी असे म्हणतात.

एक प्रत्यक्ष हकीकत

गेल्या उन्हाळ्यात, खरिपाच्या बियाण्यांची धावपळ सुरू होण्यापूर्वी, आमच्या मंडळातील एक कांदा उत्पादक शेतकरी कार्यालयात आले. वय साठीच्या आसपास, अडीच एकर बागायत, आणि व्यवहारात अत्यंत सावध असा त्यांचा लौकिक. आल्याबरोबर ते म्हणाले, "साहेब, तुमचा फॉर्म भरला, पण हप्ता काही आला नाही. उलट खात्यातले पैसे गेले."

चौकशी करता समजले ते असे. सहा दिवसांपूर्वी त्यांना एक फोन आला. बोलणाऱ्याने आपण कृषी खात्यातून बोलत असल्याचे सांगितले. त्यांचे पूर्ण नाव, गाव, गट नंबर व क्षेत्र त्याने बिनचूक सांगितले, आणि शेवटी आधार क्रमांकाचे बाराही आकडे वाचून दाखविले. "तुमची ई-केवायसी अपुरी आहे. आज पूर्ण केली नाही तर प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचा हप्ता बंद होईल," असे बजावून त्याने व्हॉट्सॲपवर एक फाईल पाठविली. तिच्यावर सरकारी चिन्ह होते. शेतकऱ्याने ती उघडली, फोनने विचारलेल्या सर्व परवानग्या दिल्या व फॉर्म भरला. त्याच रात्री कांद्याच्या पट्टीचे ३८,००० रुपये तीन वेळा मिळून खात्यातून निघून गेले. लोक हसतील ह्या संकोचाने त्यांनी ही गोष्ट घरच्यांनासुद्धा पाच दिवस सांगितली नाही.

मी त्यांना विचारले, "तुम्ही एवढे सावध, मग ह्या माणसावर विश्वास कसा ठेवला?" त्यांचे उत्तर मी अद्याप विसरलो नाही. ते म्हणाले, "साहेब, त्याला माझा आधार नंबर पाठ होता. सरकारी माणूस नसता तर तो त्याच्याकडे आला कुठून?"

ह्या प्रश्नाचे उत्तर कदाचित आमच्याच कार्यालयात होते. त्यापूर्वी महिनाभर अगोदर ई-केवायसी राहिलेल्या शेतकऱ्यांची यादी आम्ही गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. शेतकऱ्यांना वेळेवर कळावे हा हेतू चांगला होता. परंतु त्या यादीत नावांपुढील आधार क्रमांक व मोबाईल क्रमांक झाकावयाचे राहून गेले. यादी टाकण्याची सूचना माझीच होती. तीच यादी चोराच्या हाती पडली असे सिद्ध करता येणार नाही, परंतु पडलीच नाही असे म्हणण्याचे धैर्यही मला होत नाही. प्रस्तुत लेख लिहावयास हेच कारण घडले. त्या शेतकऱ्यांनी आपली हकीकत छापण्यास अनुमती दिली ती एकाच अटीवर, की नाव छापू नये.

कोऱ्या कागदावरील अंगठा

हा प्रकार नवा दिसत असला तरी त्याचे मूळ जुने आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याने सावकाराच्या कागदावर निशाणी करावी, त्या कागदात काय लिहिले आहे हे त्याला कळू नये, आणि पुढे त्याच कागदाच्या जोरावर जमीन हातची जावी, ही गोष्ट महाराष्ट्रातील खेड्यांनी पिढ्यानपिढ्या अनुभवली आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जरोखे हिसकावून घेऊन जाळले आणि त्याचे लोण पुणे व त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगावी पसरले. त्यानंतर १८७९ साली दख्खनमधील शेतकऱ्यांच्या साहाय्यासाठी कायदा करण्यात आला. शेतकऱ्याने लिहून द्यावयाचा दस्त गावासाठी नेमलेल्या नोंदणी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली व्हावा, अशी त्यात तरतूद होती. अंगठा उठविण्यापूर्वी कागदातील मजकूर शेतकऱ्याला कळावा, हा त्यामागील हेतू होता. "वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नकोस" ही वडीलधाऱ्यांची शिकवण अशा अनुभवांतून आलेली आहे.

आज कोरा कागद दिसेनासा झाला, पण कोरा अंगठा देण्याची चूक मात्र शिल्लक आहे. मोबाईलवर येणारा ओटीपी हा आजचा अंगठा होय. यूपीआयचा पिन हाही अंगठाच होय. अनोळखी ॲपने विचारलेल्या परवानगीला होकार देणे म्हणजेसुद्धा अंगठा उठविणेच आहे. हे आकडे दुसऱ्याला सांगणे म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा करून तो कागद परक्याच्या हाती सोपविणे होय. फरक एवढाच की सावकार गावातला होता व त्याचे घर माहीत होते. आजच्या चोराचे तोंडही आपल्या दृष्टीस पडत नाही.

येथे हेही सांगितले पाहिजे की आधारची ही व्यवस्था मुळात गरिबाच्या सोयीसाठी आली. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यात टेंभली ह्या आदिवासी गावी देण्यात आले. अनुदान मध्ये कोठे न झिरपता थेट खात्यात पडते ते ह्या व्यवस्थेमुळे. पाट फुटतो म्हणून कोणी कालवा बुजवीत नाही, पाटाचे काठ भक्कम करतो. आपणांसही तेच करावयाचे आहे.

माहितीचे तीन प्रकार

आपल्याविषयीची सर्वच माहिती सारखी मोलाची नसते. तिचे तीन भाग करून ध्यानात ठेवल्यास फसगत टळते.

पहिला भाग उघड्या माहितीचा. सातबारा उतारा महाभूलेख संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. किसान सन्मान निधीच्या लाभार्थ्यांची गाववार यादीही संकेतस्थळावर दिसते. तेव्हा नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र व लाभार्थी असणे ह्या गोष्टी परमुलखातील माणसालाही घरबसल्या मिळतात. आधार क्रमांक प्रसिद्ध करू नये असा नियम असला तरी त्याच्या झेरॉक्स प्रती इतक्या ठिकाणी गेलेल्या असतात की तो एखाद्या चोराला ठाऊक असणे अशक्य नाही. म्हणून फोनवरील माणूस आपली माहिती किती अचूक सांगतो ह्यावरून तो सरकारी आहे असे मुळीच ठरत नाही. आमच्या शेतकरी बंधूंची फसगत नेमकी येथे झाली.

दुसरा भाग कामापुरती देण्याच्या माहितीचा. आधारची प्रत, बँक पासबुकाचे पहिले पान, छायाचित्र, शेतकरी ओळख क्रमांक इत्यादी कागद योजनेसाठी द्यावेच लागतात. ते द्यावेत, पण कोणाला व कशासाठी देत आहोत हे समजून द्यावेत.

तिसरा भाग कोणालाही न देण्याच्या माहितीचा. ओटीपी, यूपीआय पिन, एटीएम कार्डाचा पिन, कार्डाच्या पाठीवरील तीन आकडे व पासवर्ड ह्यांचा त्यात समावेश होतो. ह्या गोष्टी कृषी अधिकारी, तलाठी, बँक व्यवस्थापक वा पोलीस ह्यांपैकी कोणालाही फोनवर सांगावयाच्या नसतात. पहिल्या दोन भागांतील माहिती म्हणजे घराचा पत्ता, तर तिसऱ्या भागातील माहिती म्हणजे घराची किल्ली. पत्ता चोराला कळला तरी किल्ली आपल्या कनवटीला असेपर्यंत घर बरेचसे सुरक्षित असते.

चोर कोणत्या वाटांनी येतो

१. खोटे ॲप. ज्या फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके ही इंग्रजी अक्षरे असतात ती साधी यादी किंवा फॉर्म नसून फोनमध्ये बसणारे संपूर्ण ॲप असते. 'किसान यादी', 'बँक केवायसी', 'गाडीचे चलन', 'लग्नपत्रिका' अशी नाना नावे घेऊन ती व्हॉट्सॲपवर फिरत असते. उघडताच ती संदेश वाचण्याची परवानगी मागते. ती दिली की आपल्या फोनवर येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर चोराकडे जातो, आपण तो तोंडाने सांगण्याची गरजच राहत नाही. पुष्कळदा अशी फाईल ओळखीच्या माणसाच्या क्रमांकावरून येते, कारण त्याचा फोन अगोदरच चोराच्या ताब्यात गेलेला असतो.

२. फोनवरील बतावणी. हिची खूण ओळखणे सोपे आहे. बोलणारा प्रथम भय घालतो व लगेच घाई करतो. 'आज न केल्यास हप्ता बंद', 'तासाभरात खाते गोठेल', 'वीज तोडली जाईल' अशी त्याची भाषा असते. कधी तो लोभही दाखवितो व 'अनुदान मंजूर झाले आहे, स्वीकारण्यासाठी पिन टाका' असे सांगतो. येथे एक नियम पक्का ध्यानात ठेवावा. यूपीआय पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही.

३. अंगठ्याची नक्कल. गावात बँक मित्राच्या यंत्रावर आधार क्रमांक, बँकेचे नाव व अंगठा एवढ्यावर पैसे काढता येतात व त्याला ओटीपी लागत नाही. वृद्धांच्या दृष्टीने ही सोय फार उपयुक्त आहे. परंतु खरेदीखतासारख्या दस्तावरील अंगठ्याच्या ठशावरून नकली ठसा बनविता येतो, असे दिसून आले आहे. २०१८ मध्ये तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरील दस्तांतून ठसे उचलले, रबरी शिक्के बनविण्याच्या यंत्रावर त्यांच्या नकला तयार केल्या आणि लोकांच्या नावे सिमकार्डे चालू केली. पुढे इतर राज्यांत अशाच ठशांनी खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे उघडकीस आले. यंत्रावर ठेवलेले बोट जिवंत आहे की नकली, हे ताडून पाहण्याची नवी पद्धत आधार प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२३ मध्ये अंमलात आणली. तिने धोका कमी झाला, पण सावधगिरीची गरज संपली असे नव्हे. ह्याहून साधी लबाडी म्हणजे "ठसा उमटला नाही, पुन्हा बोट ठेवा" असे सांगून दोनदा पैसे काढणे व एकदाच हातावर ठेवणे.

४. सिमकार्ड. आपल्या कागदपत्रांवर चोर आपल्याच क्रमांकाचे दुसरे सिमकार्ड मिळवितो. त्या क्षणी आपला फोन मुका होतो व सर्व ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. शेजाऱ्याच्या फोनला रेंज आहे व आपल्याला कित्येक तास नाही असे आढळल्यास केवळ टॉवरला दोष देऊन स्वस्थ बसू नये, मोबाईल कंपनीकडे त्वरित चौकशी करावी.

५. परस्पर वापर. ह्यात पैसा लगेच जात नाही, नाव मात्र जाते. खरीप २०२३ पासून राज्यात एक रुपयात पीक विमा ही योजना होती. तिच्यात दुसऱ्याच्या जमिनीवर परस्पर विमा काढल्याचे बोगस अर्ज उघडकीस आले, आणि २०२५ मध्ये ती योजना बदलण्यात आली. तसेच काही थोड्या पैशांच्या आशेने आपले बँक खाते व सिमकार्ड दुसऱ्यास वापरावयास देणारे तरुण गावोगावी आढळतात. अशा खात्यांतूनच चोरीचा पैसा फिरविला जातो व पोलीस प्रथम खातेदाराच्या दारात येतात. बैल उसना द्यावा, खाते उसने देऊ नये.

प्रतिबंधक उपाय

रोग पडल्यावर फवारणी करण्यापेक्षा बीजप्रक्रिया स्वस्त पडते. पुढील गोष्टी एकदा करून ठेवण्यास फार तर अर्धा दिवस लागेल.

१. आधारला कोणता मोबाईल क्रमांक जोडलेला आहे ते प्रथम पाहावे. पुष्कळ शेतकऱ्यांच्या आधारला पुतण्याचा, शेजाऱ्याचा किंवा पूर्वी बंद पडलेला क्रमांक जोडलेला असतो. असा क्रमांक पुढे दुसऱ्याच माणसाला मिळू शकतो. आधार केंद्रावर जाऊन तेथे स्वतःचा चालू क्रमांक नोंदवावा. पुढील बहुतेक उपाय ह्या एका गोष्टीवर अवलंबून आहेत.

२. बोटांच्या ठशांना कुलूप घालण्याची सोय आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर व अधिकृत ॲपवर विनामूल्य आहे. कुलूप असताना आपला अंगठा कोणत्याही यंत्रावर चालत नाही. रेशन दुकानात किंवा बँक मित्राकडे जावयाचे असेल तेव्हा ते तात्पुरते उघडता येते व सुमारे दहा मिनिटांनी आपोआप पुन्हा बंद होते. ज्यांना दरमहा रेशनसाठी अंगठा द्यावा लागतो व घरी साधाच फोन आहे, त्यांनी हा उपाय घरातील जाणत्या मुलाच्या मदतीनेच योजावा, अन्यथा ऐनवेळी खोळंबा होईल. अंगठ्याने पैसे काढण्याची गरजच नसल्यास बँकेत अर्ज देऊन आपल्या खात्यापुरती ती सोय बंद करता येते का, ह्याचीही चौकशी करावी.

३. आपले आधार कोठे कोठे वापरले गेले ह्याची मागील सहा महिन्यांची नोंद त्याच संकेतस्थळावर पाहता येते. हंगामातून एकदा ती पाहावी. आपण न केलेला वापर दिसल्यास १९४७ ह्या क्रमांकावर कळवावे.

४. जेथे चालेल तेथे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी, झाकलेल्या क्रमांकाची आधार प्रत द्यावी. ती संकेतस्थळावरून काढता येते. साधी झेरॉक्स द्यावी लागल्यास तिच्यावर आडवी रेघ मारून 'अमुक योजनेसाठी, अमुक तारखेस' असे लिहावे व सही करावी. झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेली प्रत तेथेच टाकून न येता फाडून टाकावी.

५. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी ह्या सेवेवर पाहता येते. ही सेवा मे २०२३ पासून सुरू आहे. अनोळखी क्रमांक दिसल्यास तेथेच तक्रार नोंदवून तो बंद करविता येतो.

६. किसान सन्मान निधी, ई-पीक पाहणी, महाडीबीटी इत्यादींची ॲप प्ले स्टोअरमधूनच व नाव नीट पाहून घ्यावीत. व्हॉट्सॲपवर आलेले कोणतेही ॲप बसवू नये, मग ते सख्ख्या भावाच्या क्रमांकावरून का आलेले असेना. सन्मान निधीची ई-केवायसी मोबाईलवर ओटीपीने, चेहरा दाखवून किंवा सेवा केंद्रावर अंगठ्याने अशा तीनच रीतींनी होते. त्यासाठी कोणीही फाईल पाठवीत नाही.

७. बँकेचे संदेश आपल्या फोनवर येतात ह्याची खात्री करावी. पट्टीचा मोठा पैसा ज्या खात्यात येतो ते खाते यूपीआयला न जोडता, रोजच्या व्यवहारासाठी थोडी रक्कम असलेले दुसरे खाते ठेवावे. सर्व बियाणे एकाच कणगीत ठेवू नये हा जुनाच न्याय येथेही लागू पडतो.

८. फोनवर कोणीही घाई केली तर फोन बंद करावा, आणि आपल्याजवळ अगोदरपासून असलेल्या क्रमांकावर कार्यालयात किंवा बँकेत विचारावे. खरे काम दुसऱ्या दिवशीही होते.

चोरी झाल्यास

सर्व खबरदारी घेऊनही चोरी झाली तर पहिला तास अत्यंत मोलाचा आहे. चोरीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्यात व दुसऱ्यातून तिसऱ्यात असा झपाट्याने फिरविला जातो. तो कोठेतरी खात्यात पडून आहे तोपर्यंतच त्याला अडविता येते. ह्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या व्यवस्थेतील १९३० हा क्रमांक देशभर चालतो. त्यावर बँकेचे नाव, खाते क्रमांक, गेलेली रक्कम, वेळ आणि बँकेच्या संदेशातील व्यवहार क्रमांक सांगावा. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन ह्या संकेतस्थळावरही करता येते. त्याच वेळी बँकेला कळवून खात्याचे व्यवहार थांबवावे. खोटे ॲप बसविले गेले असल्यास फोनचे इंटरनेट ताबडतोब बंद करावे व बँकेशी दुसऱ्याच फोनवरून बोलावे. तक्रार दिल्याची नोंद क्रमांकासह जपून ठेवावी.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी ह्याविषयी नियम घालून दिले व त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसेच नियम सहकारी बँकांसाठीही काढले. त्यांतील तत्त्व असे की, चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिसऱ्याच कोणाची असेल व ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर तोटा ग्राहकावर पडू नये. ओटीपी वा पिन स्वतःच दिला असल्यास कळवीपर्यंतचा तोटा ग्राहकाचा, आणि कळविल्यानंतरचा बँकेचा. म्हणजेच दोन्ही बाबतींत लवकर कळविण्यातच हित आहे.

आमच्या मंडळातील दोन अनुभव ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. वर सांगितलेले शेतकरी सहाव्या दिवशी आले. त्यांची तक्रार नोंदविली, परंतु तोपर्यंत पुढील खाती रिकामी झाली होती व त्यांचे पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत. त्यानंतर दोन महिन्यांनी शेजारच्या गावातील एका बचत गटाच्या अध्यक्ष बाईंच्या खात्यातून अशाच रीतीने १५,००० रुपये गेले. त्यांच्या बारावीतील मुलीने बँकेचा संदेश पाहताच अर्ध्या तासात १९३० वर फोन केला. त्यांपैकी बहुतेक रक्कम पुढच्या खात्यातच अडविली गेली आणि काही आठवड्यांनी परत मिळाली. पहिल्या घरी अक्कल कमी होती व दुसऱ्या घरी जास्त होती असे मुळीच नव्हे. पहिल्या घरी लाज आडवी आली, दुसऱ्या घरी ती आली नाही, एवढाच फरक. ज्याच्या घरी चोरी होते त्याने लाजावयाचे कारण नाही. शेतात टोळ उतरल्याचे कोणी झाकून ठेवीत नाही, सर्व गावाला हाक मारतो.

कायद्याचे संरक्षण

दुसऱ्याची सही, पासवर्ड वा ओळखचिन्ह लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क अन्वये गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. माहिती कशासाठी घेतो ते सांगणे, ती सुरक्षित ठेवणे व ती फुटल्यास संबंधितास कळविणे हे घेणाऱ्याचे कर्तव्य आहे, असे हा कायदा सांगतो. शेतकऱ्याने आपली माहिती देताना "ही कशासाठी पाहिजे?" असे विचारणे हा आता उद्धटपणा नसून हक्क आहे.

कार्यालयांचे कर्तव्य

केवळ शेतकऱ्यास उपदेश करून हा विषय पुरा होत नाही. एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला आहे. माहिती अशी एकत्र येत जाईल तसतशी ती हाताळणाऱ्यांची जबाबदारीही वाढणार हे उघड आहे. वरील प्रसंगानंतर आमच्या कार्यालयात काही नियम केले आहेत, ते इतरांच्याही उपयोगी पडावेत म्हणून येथे देतो. गावाच्या ग्रुपवर जाणाऱ्या यादीत फक्त नाव व ओळख पटण्यापुरते शेवटचे चार आकडे असतात. शिबिरात घेतलेल्या आधारच्या प्रती टेबलावर उघड्या न ठेवता त्याच दिवशी कपाटात जातात, व काम संपलेल्या जादा प्रती फाडून नष्ट केल्या जातात. कोणाही शेतकऱ्याचा ओटीपी कार्यालयातील माणूस स्वतः विचारून भरीत नाही. शेतकऱ्याला तो वाचता येत नसल्यास संदेशात काय लिहिले आहे ते प्रथम वाचून सांगितले जाते व मगच पुढील काम होते. ह्याने रांग थोडी लांबते हे खरे, पण ती लांबलेली बरी.

ग्रामसभा, बचत गट, शेतकरी गट व शाळा ह्यांनीही ह्या कामी हातभार लावावा. पूर्वी गावातील एखादा शिकलेला माणूस सर्वांची पत्रे व दस्त वाचून दाखवीत असे. आज घरातील शाळकरी नातीने आजोबांचे मोबाईलवरील संदेश वाचून दाखवावेत व काही शंका आल्यास घरात बोलावे, ही त्याच परंपरेची पुढची पायरी होय.

आमचे ते कांदा उत्पादक बंधू ह्या वर्षीच्या एका ग्रामसभेत स्वतःहून उभे राहिले. त्यांनी फार काही सांगितले नाही. "माझ्या आज्याने न वाचता अंगठा दिला आणि बांधावरचं रान गेलं. मी शिकलेला, पण मीही न वाचताच अंगठा दिला," एवढेच ते म्हणाले. त्या दिवशी सभा संपल्यावर सतरा जणांनी आपल्या आधारला कोणता मोबाईल जोडलेला आहे ते आमच्याकडून तपासून घेतले. त्यांपैकी पाच जणांचे क्रमांक दुसऱ्याचेच निघाले.

वाचकांनीही हा अंक खाली ठेवण्यापूर्वी निदान हे एक काम करावे. आपल्या व आपल्या घरातील वृद्धांच्या आधारला कोणाचा मोबाईल जोडलेला आहे ते पाहावे. राखणीची सुरुवात तेथून होते.